चार नंबरचं पान

चूक सासऱ्यांची होती. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे गोष्ट ऐकता ऐकता माणसं मऊ पडतात आणि म्हणतात, जाऊ दे, वडीलधारे आहेत. वडीलधारे आहेत हे मान्य. चूकही त्यांचीच होती.

जावयाचा दोष एवढाच, की त्याने एकदा जेवताना तोंड उघडलं. खरं तर ते घास घालण्यासाठी उघडलं होतं. पण ताटांवर शांतता पसरली होती, आणि सासऱ्यांसमोरची शांतता त्याला सोसत नसे, कारण ती दरवेळी एकाच प्रश्नाने संपायची. "मग जावईबापू, राहिलेल्या शिक्षणाचं काय ठरवलंत?"

जावई फ्रीज आणि एसी दुरुस्त करायचा. हाताला गुण होता. इतरांनी भंगारात काढलेली मशीनं त्याच्या हातून थंडगार होऊन घरी जायची. पण सहा वर्षांपूर्वी त्याने सायन्सचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं, आणि सासरे चौतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. अख्खं गाव त्यांना सर म्हणायचं. जावईही सरच म्हणायचा, कारण 'बाबा' म्हणण्याइतका तो अजून पास झाला नव्हता. सर कोणाशीही ओळख करून देताना म्हणायचे, "हे आमचे जावई. यांचं शिक्षण चालू आहे." सहा वर्षं चालू असलेलं शिक्षण ऐकून लोकांना वाटायचं, माणूस डॉक्टरेट करतोय. मग ते आदराने विषय विचारायचे. मग जावई कॉम्प्रेसर म्हणायचा. मग सगळे छताकडे बघायचे.

सर आठ दिवसांसाठी आले होते. त्यांच्या घरी बाथरूमची फरशी बदलायची होती. गवंड्याने फरशी उचलली तर खाली पाइप फुटलेला, पाइप उचलला तर त्याखाली भिंत ओली, आणि आठ दिवसांचे दोन महिने झाले. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती, तेव्हा सरांना एकटं कुठे ठेवायचं, हा प्रश्न कोणी विचारलाही नाही. त्यांना जावयाची कामाची खोली मिळाली. जावयाचं टेबल, मीटर, पाने-पकडी आणि डाग देण्याचं सोल्डरिंगचं यंत्र बाल्कनीत गेलं. बाल्कनीत वाऱ्यावर डाग देणं म्हणजे धावत्या गाडीत सुईत दोरा ओवणं. पण वडीलधाऱ्यांना खोली लागते. तरुणांना वारा पुरतो.

अशात एका दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना हलला. जावयाने त्यांचा एसी उतरवून दिला, आणि डॉक्टरांनी वेटिंग रूममधली माशांची काचेची टाकी त्याच्या गळ्यात घातली. तीन फूट लांब, कोपरे शाबूत. बायको म्हणाली, हॉलमध्ये ठेवू, या घरात काहीतरी जिवंत दिसू दे. (हे ती कोणाकडे बघून म्हणाली, ते सोडून देऊ.) जावई मासे आणि टाकीतली झाडं विकणाऱ्या एका बाईंच्या दुकानात गेला. बाईंनी बजावलं, मासे नंतर, आधी झाडं लावा, पाणी सहा आठवडे मुरू द्या. त्यांनी चार झाडं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिली आणि नावं कागदाच्या कडेला लिहिली. घरी येईपर्यंत कागदाचा लगदा झाला होता आणि नावं जावयाच्या शर्टावर उलटी उमटली होती.

तर त्या रात्री जेवताना तो म्हणाला, "सर, ही झाडं कोणती असतील?"

सरांनी चमचा खाली ठेवला. चौतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी स्वखुशीने विचारला नव्हता.

सकाळी जावई उठून बघतो तर हॉलचा वर्ग झालेला. टेबलावर पांढरा ट्रे, भिंग, स्टीलची पट्टी, दोन रंगांची पेनं आणि बाह्या दुमडलेले सर. झाडं ट्रेमध्ये ओळीने निजवलेली, जणू दाखल करून घ्यायची आहेत.

"एक नंबर," सर म्हणाले. "रिबिनीसारखं पान, बुडापासून निघालेलं. व्हॅलिस्नेरिया. निश्चित."

जावयाने मान डोलावली. आपल्याला काय जातंय, असं त्याला वाटलं. (पुष्कळ काही जाणार होतं.)

"दोन नंबर. हायड्रिला. निश्चित."

"नीट बघितलंत का?"

"जावईबापू, हायड्रिला मी झोपेतही ओळखतो." ते खरंच होतं. त्यांचे विद्यार्थीही हायड्रिला झोपेतच शिकले होते.

तीन नंबर त्यांनी दोन बोटांत धरून वर केलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर कॉपी पकडल्याचा आनंद पसरला. "हे पाण्यातलं झाडच नाही. हे बँकेच्या काउंटरवर असतं. तुम्हाला फसवलंय."

जावयाने बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, "हो, ते बाहेरचंच. पाण्याखाली दोन महिन्यांत सडतं."

"मग विकता कशाला?"

"लोक मागतात. हिरवं दिसतं."

सर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दर अर्ध्या तासाने "बँकेच्या काउंटरवर" असं स्वतःशी म्हणून हसत होते. वडीलधारी माणसं एकदा बरोबर आली की ते भांडवल त्यांना वर्षभर पुरतं.

चार नंबरपाशी मात्र ते अडले. लांब देठ, तपकिरीकडे झुकलेली पानं, कडांना बारीक लाटा. त्यांनी देठ कापून बघितलं, वास घेतला, पान खिडकीशी धरलं. "घराणं अळूचं आहे," ते शेवटी म्हणाले. "पण पाण्याखाली बुडून संसार करणारं अळू मी बघितलेलं नाही." मग त्यांनी जाड कागदाच्या पट्टीवर सुवाच्य अक्षरात 'अळूच्या कुळातील' असं लिहिलं आणि खाली 'निश्चित'.

लावण्याचं कामही त्यांनी स्वतःकडे घेतलं. चूक म्हणतात ती इथे झाली. बाईंनी सांगितलं होतं, एकदा लावलं की हात लावू नका. पण सरांना ओळ तिरकी चालत नसे. त्यांनी चौतीस वर्षं मुलं ओळीत बसवली होती. चार नंबर त्यांनी वाळूत रोवलं, दोन पावलं मागे गेले, उपटलं. पट्टीने अंतर मोजून पुन्हा रोवलं, पुन्हा मागे गेले, पुन्हा उपटलं. तिसऱ्यांदा ते हायड्रिलाच्या बरोबर मागच्या बाकावर आलं, तेव्हा सरांचं समाधान झालं.

पाचव्या दिवशी चार नंबरच्या पानांना भोकं पडली. सहाव्या दिवशी पानं काचेसारखी आरपार दिसू लागली. सातव्या दिवशी ती भिजलेल्या कागदासारखी गळून पाण्यात तरंगली, आणि आठव्या दिवशी वाळूतून नखाएवढे चार खुंट तेवढे वर राहिले.

सरांनी काचेला भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. मग नावाची कागदी पट्टी मागवून 'निश्चित' या शब्दाखाली लिहिलं: मृत.

"उपटून टाका," ते म्हणाले. "सडलं की पाणी बिघडेल."

"राहू दे."

"जावईबापू, ते मेलंय."

"फ्रीज गार करत नाही म्हणून फ्रीज मेला, असं आम्ही म्हणत नाही सर. आधी आत हात घालून बघतो."

त्याने बाही वर केली आणि वाळूत बोट खुपसलं. खुंट ओढला. खुंटाने बोटाला उलट ओढलं. फारच थोडं, पण ओढलं. "पकड आहे," जावई म्हणाला.

सर हसले. ते हसणं फार जुनं होतं, खडूच्या धुळीतलं. "मेलेल्या झाडाचंही मूळ काही दिवस घट्ट राहतं. हे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी शिकवतात. तुम्ही तोपर्यंत थांबला असतात तर..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ते कधीच करत नसत. अर्धं वाक्य हवेत सोडायचं आणि समोरच्याने त्याखाली उभं राहायचं, ही त्यांची पद्धत.

जावयाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "पैज लावा," तो म्हणाला. "तीस तारखेपर्यंत याला पान आलं, तर माझ्या शिक्षणाचा विषय पुन्हा काढायचा नाही. या घरात नाही, बाहेर नाही, कोणाशी ओळख करून देताना तर नाहीच."

"आणि नाही आलं तर?"

सरांच्या बॅगेत, कपड्यांच्या घडीखाली, बाहेरून परीक्षा देण्याचा एक कोरा फॉर्म होता. तो तिथे आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, जसं एखाद्याच्या खिशात चाकू आहे हे माहीत असावं. फॉर्मची शेवटची तारीख तीस. "तर फॉर्म भरतो."

"दोघं माझ्यासमोर पुन्हा बोला," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होती. नाव, तारीख आणि वेळ असल्याशिवाय ती कोणाचा थेंबही घेत नसे. दोघं तिच्यासमोर पुन्हा बोलले. तिने बॅगेतून फॉर्म काढून फ्रीजच्या दारावर चुंबकाने लावला. "आता हा इथून तीस तारखेलाच हलेल. आणि तोवर कोणी कोणाला टोमणा मारायचा नाही. बाबा, तुम्हीसुद्धा."

"मी कधी टोमणा मारला?" सर म्हणाले. मुलगी त्यांच्याकडे इतका वेळ बघत राहिली, की ते भिंग पुसायला लागले.

आता खरं सांगायचं तर जावयाला त्या झाडाबद्दल काडीची माहिती नव्हती. पैज त्याने निव्वळ रागाच्या भांडवलावर लावली होती. तो चप्पल घालून जिन्यात गेला आणि दबक्या आवाजात फोन लावला.

"बाई, चार नंबर विरघळलं."

"कोणतं चार नंबर?"

"ते अळूच्या घरातलं."

"अहो, क्रिप्ट होय. त्याचं असंच असतं. जागा बदलली की रुसतं, सगळी पानं टाकून देतं. मूळ शाबूत असलं तर परत येतं."

"किती दिवसांत?"

"कधी तीन आठवडे, कधी दोन महिने. त्याची मर्जी. फार हलवलंत का त्याला?"

"तीनदा उपटलं."

बाई म्हणाल्या, "मग वाट बघा," आणि ज्या स्वरात त्या म्हणाल्या, त्या स्वरात डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात.

जावई वाट बघायला लागला. सकाळी कामावर जाताना बघायचा, दुपारी डबा खायला घरी यायचा आणि टाकीसमोर बसून खायचा. चार खुंट. बाकी टाकी मात्र कोणाची पैज आहे याची फिकीर न करता चालली होती. व्हॅलिस्नेरियाने वाळूखालून एक धागा काढला, धाग्याच्या टोकाला पोर ठेवलं, पोराने दुसऱ्या दिवशी स्वतःचा धागा काढला. सरांनी आखलेली ओळ त्यांनी आठवड्यात मोडली. जावयाला ते फार आवडलं. आपल्याही पिढीत असं काही असायला हवं होतं, असं त्याला वाटलं.

वरच्या मजल्यावरचे काका रोज येऊन काचेला नाक लावायचे. "मासे कुठे आहेत?"

"मासे नाहीत."

"मग बघता काय?"

याचं उत्तर एका रविवारी मिळालं. जावयाने अर्धं पाणी बदललं होतं आणि दहाच्या सुमारास वरचा दिवा लावला. सर चहाचा कप घेऊन खुर्चीवर बसले होते, जावई जमिनीवर फडकं पिळत होता. पंधरा मिनिटं काहीच झालं नाही. मग हायड्रिलाच्या एका पानाच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा मणी आला.

तो फुगला. थरथरला. सुटला आणि सरळ वर गेला. त्याच्या मागे दुसरा. मग शेजारच्या पानावर, मग त्याच्या शेजारी, मग एका देठातून मण्यांची बारीक, न तुटणारी माळ निघाली आणि पाण्याच्या पृष्ठभागावर जाऊन फुटू लागली. आवाज होत नव्हता, तरी खोलीतला सगळा आवाज कोणीतरी काढून घेतल्यासारखं झालं. दिव्याचा उजेड प्रत्येक मण्यात होता. सगळी टाकी श्वास घेत होती, आणि तो श्वास दिसत होता.

जावयाच्या हातातलं फडकं पुन्हा भिजलं. गॅस कसा धावतो, कुठे गार होतो, कुठे गरम, हे त्याला पाठ होतं. त्याने आजवर शेकडो यंत्रांत गॅस भरला होता. पण विजेशिवाय, पाइपशिवाय, नुसत्या उजेडावर हवा तयार करणारं यंत्र त्याने बघितलं नव्हतं. आणि त्याला एकही स्क्रू नव्हता.

सरांचा कप वाकडा झाला होता आणि चहा बशीत उतरत होता. त्यांना पत्ता नव्हता.

"चौतीस वर्षं," ते म्हणाले. ते जावयाशी बोलत नव्हते. "दरवर्षी हा प्रयोग दाखवला. हायड्रिला, वर नरसाळं, त्यावर परीक्षानळी. फळ्यावर बुडबुडे काढायचो. प्रत्यक्षात..."

"प्रत्यक्षात?"

"प्रयोगशाळेची खिडकी उत्तरेला होती. ऊन नव्हतं. झाड बाजारातून आणलेलं, अर्धमेलं. बुडबुडे यायचे नाहीत. मी मुलांना सांगायचो, आले असं लिहा."

जावयाने फडकं बादलीत टाकलं. ते त्याने जपून टाकायला हवं होतं, तसं टाकलं नाही.

"मी नव्हतं लिहिलं," तो म्हणाला.

"काय?"

"प्रॅक्टिकलला. दुसऱ्या वर्षी. हाच प्रयोग होता. बुडबुडे आले नाहीत. मी लिहिलं, बुडबुडे आले नाहीत. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, खोड आणि आले असं लिही. मी म्हटलं, दिसले नाहीत. ते म्हणाले, तुला दिसले नाहीत हा तुझा प्रश्न आहे. नापास केलं. पुन्हा बसायला सांगितलं आणि पुन्हा तेच झाड, तीच खिडकी. मग मी उठलो आणि गेलो."

ते परीक्षक सर नव्हते. सरांसारखेच दुसरे कोणीतरी होते, आणि तसे दुसरे कोणीतरी सगळीकडे भरपूर असतात. पण सरांचा चेहरा असा झाला होता, जणू खोडायला आपणच सांगितलं होतं. एखाद्या तरुणाने त्या क्षणी मोठ्या मनाने म्हणायला हवं होतं, जाऊ द्या सर. जावई म्हणाला नाही. त्याने सहा वर्षं हे वाक्य तोंडात धरलं होतं, आता त्याला जबडा दुखत होता.

दोघं दुपारपर्यंत तिथेच बसून राहिले. मणी वर जात राहिले.

त्यानंतर सर बदलले असं म्हणवत नाही (या वयात माणसं बदलत नाहीत, फार तर खुर्ची बदलतात), पण ते टाकीपासून हलेनात. आणि जावईही घायकुतीला आला. वीस तारीख उलटली, बावीस गेली, चार नंबर ढिम्म. उजेडाने एवढी करामत होते तर दुप्पट उजेडाने काय होईल, असा हिशोब त्याने मेकॅनिकच्या डोक्याने केला आणि दिव्याचा टायमर आठ तासांचा सोळा तास करून टाकला. कोणाला सांगितलं नाही.

तीन दिवसांत पाण्याला पोपटी छटा आली. चौथ्या दिवशी टाकीचं वाटलेल्या मटाराचं पातेलं झालं. सत्तावीस तारखेला काचेला नाक लावून आतली बोटभर अंतरावरची वाळूसुद्धा दिसेना.

बायको कामावरून आली. पर्स ठेवण्याआधी तिने एका चिमुकल्या नळीत पाणी घेतलं, दिव्यासमोर धरलं आणि दोघांना समोर उभं केलं. लॅबमध्ये ती साखर लपवणाऱ्या पेशंटांना असंच उभं करायची.

"कोणी काय केलं?"

"दिवा," जावई म्हणाला. "सोळा तास."

"एवढ्याने इतकं होत नाही. बाबा?"

सरांनी भिंग पुसायला घेतलं.

"बाबा."

"एक चमचा," सर म्हणाले.

"कसला?"

"खत. वरच्या काकांकडून आणलं. ते गुलाबाला घालतात."

"एकदाच?"

"रोज."

बायको खाली बसली. "बाबा, पान आलं असतं तर तुम्ही पैज हरला असता. मग खत कशाला घातलंत?"

"ते मला कळतं," सर म्हणाले. त्यांचा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकावरून यावा तसा आला. "मला ते यायला हवं होतं."

जावयाने प्रथमच त्यांच्याकडे सासरे म्हणून न बघता बघितलं. दोन मिनिटं त्याला बरंही वाटलं. मग लक्षात आलं, की प्रेमापोटी केलेल्या या मदतीमुळे पाण्यात डोळा चालत नाही, तीस तारीख तीन दिवसांवर आहे, आणि न दिसलेल्या पानावर त्याचं सगळं पुढचं आयुष्य टांगलं आहे. वडीलधाऱ्यांनी छळलं तर निदान ओरडता येतं.

बाईंनी फोनवर उपाय सांगितला. दिवा बंद, निम्मं पाणी बदला आणि टाकीवर जाड चादर टाकून पाच दिवस ठार अंधार. मध्ये डोकवायचं नाही. आत हिरवं झालंय ते उपाशी मरेल, झाडं तगतील.

"तीस तारखेला जरा उघडलं तर?"

"तर परत पहिल्यापासून."

बायकोने घरातलं सगळ्यात जाड ब्लँकेट टाकीवर टाकलं आणि चारी बाजूंनी कपड्यांच्या चिमट्यांनी बंद केलं. हॉलमध्ये कोणीतरी गेल्यासारखं दिसू लागलं. काका आले, ब्लँकेट बघून त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि हळू आवाजात विचारलं, "मासे?"

तीस तारीख उजाडली. फॉर्म देण्याचं ऑफिस पाचला बंद व्हायचं. जावयाने कामाला सुट्टी टाकली. तीन वाजेपर्यंत सगळे ब्लँकेटकडे बघत बसले. मग बायकोने फ्रीजवरचा फॉर्म काढून टेबलावर ठेवला, शेजारी पेन ठेवलं.

"बघता येणार नाही," ती म्हणाली. "पण हात घालता येईल. ब्लँकेट उचलायचं नाही, खालून. दोघांनी. म्हणजे नंतर वाद नको."

दोघांनी बाह्या खांद्यापर्यंत चढवल्या. टाकीच्या एका अंगाने सर, दुसऱ्या अंगाने जावई, मध्ये ब्लँकेट. दोघांचे गाल लोकरीला टेकले आणि तोंडं एकमेकांपासून वीतभर अंतरावर आली. इतक्या जवळून जावयाने सरांना कधी बघितलं नव्हतं. त्यांच्या भुवईत एक केस काळा होता.

"डावीकडे," सर कुजबुजले. "हे व्हॅलिस्नेरिया. हे त्याचं पोर. हे दुसरं पोर."

"हायड्रिला माझ्याकडे आहे."

"त्याच्या मागे. बरोबर मागे. मी पट्टीने मोजलं होतं."

आत गार होतं. जावयाची बोटं वाळूवरून सरकत होती, आंधळ्यासारखी. मग ती खुंटांना लागली. एक. दोन. टोकं बोथट, काही नाही. तीन. काही नाही. त्याच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा आली, उत्तरेची खिडकी आली, पहिल्या बाकावर बसलेली एकोणीस वर्षांची पोरं आली आणि त्यांच्यात गुडघे न मावणारा तो स्वतः आला.

दार उघडंच होतं. वरचे काका आत आले आणि थबकले. दोन पुरुष ब्लँकेटखाली हात घालून, गालाला गाल लावल्यासारखे, डोळे मिटून उभे होते.

"निसटला का?" काका म्हणाले.

"काका, बसा," बायको म्हणाली.

"मी जाळी आणू?"

"काका, गप्प बसा."

चौथ्या खुंटापाशी जावयाचं बोट सरांच्या बोटाला लागलं. सरांचं बोट आधीच तिथे होतं आणि हलत नव्हतं. त्या बोटाने जावयाचं बोट हलकेच धरलं, बाजूला नेलं आणि कशावर तरी टेकवलं.

मऊ होतं. टोकदार. सुरळी झालेलं, अजून न उलगडलेलं. भाताच्या दाण्यापेक्षा जेमतेम मोठं. तीनदा उपटलेलं, मेलं म्हणून लिहून टाकलेलं, उजेडाने भाजलेलं, खताने बुडवलेलं आणि शेवटी अंधारात कोंडलेलं ते झाड. त्याने कोणालाही न विचारता, कोणाला दिसत नसताना एक पान काढलं होतं.

सर हे पान नाकारू शकले असते. तो खुंटच आहे, वाळूचा खडा आहे, काहीही. दिसत तर कोणालाच नव्हतं. जावई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. त्याला या जातीच्या माणसांकडून काय येतं हे माहीत होतं.

सरांनी हात बाहेर काढला, पुसला नाही. थेंब गाळत टेबलापाशी गेले, फॉर्म उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर सुवाच्य अक्षरात लिहिलं: "निरीक्षण. चार नंबरला पान आले. एक. दिसले नाही. हाताला लागले." खाली सही केली, तारीख घातली. 'निश्चित' लिहिलं नाही. फॉर्मवर कोपरापासून पाणी गळून पुढची छापील बाजूही गेली होती. पाच वाजायला दीड तास होता आणि भरण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"मृतची पट्टी?" बायकोने विचारलं.

"ती मी ठेवणार," सर म्हणाले. "माझ्याकडे."

दोन तारखेला ब्लँकेट काढलं. पाणी स्वच्छ होतं, अगदी नळाखालच्या पेल्याइतकं. चार नंबरचं पान उलगडलं होतं. आधीच्या कुठल्याच पानासारखं ते नव्हतं. अरुंद, तांबूस, कडेला बारीक लाटा, आणि त्याच्या पोटातून दुसरं डोकावत होतं. दिवा लावला, आणि पंधरा मिनिटांनी त्या एवढ्याशा पानाच्या टोकाला मणी आला. तिघंही बघत राहिले. काका मासा शोधत राहिले.

सरांनी शब्द पाळला, हे मान्य करायला हवं. त्या दिवसापासून शिक्षणाचा विषय निघाला नाही. ओळख करून देताना ते सवयीने सुरू करायचे, "हे आमचे जावई. यांचं..." मग घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "यांचं पान आलं." लोक जावयाचं अभिनंदन करायचे आणि बायकोच्या पोटाकडे बघायचे.

बाथरूमची फरशी त्याच आठवड्यात पुरी झाली. गवंड्याचा फोन आला, तो जावयानेच घेतला आणि आनंदाने सरांना दिला. सर म्हणाले, छान. फोन ठेवला. मग खुर्ची टाकीच्या आणखी जवळ ओढली आणि सांगितलं, की या झाडाला फूल येतं असं पुस्तकात आहे. कधी येतं ते पुस्तकात नाही. कोणीतरी बसून बघायला हवं, नाहीतर लोक नुसतं आलं असं लिहितात. यावर जावयाला बोलता येईना, कारण हा मुद्दा मुळात त्याचाच होता. सोमवारी टेम्पोतून सरांची पुस्तकं आली. बुधवारी त्यांची पलंगासकट गादी आली.

त्याला चार वर्षं झाली. फूल अजून आलेलं नाही. जावई फ्रीजचे बोर्ड बाल्कनीत दुरुस्त करतो.

पैज तो जिंकला. त्यात त्याची एक खोली गेली.